बंगला वजा जाता

मलबार हिलवरच्या जुन्या बंगल्याची किंमत काढायची, तर पहिल्यांदा बंगल्याकडे पाठ करून उभं राहायचं. हे मला अण्णाने शिकवलं. अण्णा माझा मावसभाऊ, आणि सरकारमान्य मूल्यांकनकार. समुद्र दिसतो का, किती दिसतो, मधल्या टॉवरांनी त्यातला किती गिळलाय, रस्ता किती रुंद आहे, गाडी एका दमात आत वळते की वॉचमनला हातवारे करावे लागतात, एवढं पाहून झालं की त्याच्या मते बहुतेक काम उरकतं. बंगला मागे असतोच. तो कुठे पळून जात नाही.

अण्णाला दुसऱ्या कुणाचं घर नुसतं घर म्हणून पाहताच येत नाही. लग्नाला गेला की अक्षता टाकताना त्याची नजर वर, स्लॅबच्या तड्यांकडे. मर्तिकाला भेटायला गेला तरी सांत्वन करता करता मागच्या हाताने भिंतीवर टकटक करून प्लास्टर पोकळ आहे का ते बघतो. बायकोच्या माहेरी तर त्याला हल्ली भिंतीला टेकूच देत नाहीत, पाट मध्यभागी मांडतात.

त्याचा मदतनीस शिमग्याला गावी गेला होता. मार्च चालू होता, आणि मार्चमध्ये कामं थांबत नाहीत. म्हणून टेपचं एक टोक धरायला मी. त्याच्याकडे लेझरवाला मीटरही आहे, पण लेझरने मोजलं की पक्षकाराला फी जास्त वाटते, टेप ओढली की मेहनत दिसते, असं त्याचं धंद्याचं शास्त्र. ही टेप मी आमच्या डोंबिवलीच्या घरात वापरलेली आहे. तिथे ती कधी पूर्ण उघडलीच नव्हती. इथे ती व्हरांड्यातच संपली.

बंगल्याचं नाव सांगत नाही, वारस चौघे आहेत आणि चौघांचे वकील वेगळे आहेत. पण बंगला कसा? पुढे पोर्च, म्हणजे मडमेच्या टोपीवर पाऊस पडू नये म्हणून बांधलेली कमान. व्हरांड्यात विलायतेहून आलेल्या मिंटनच्या टाइल्स, दिवाणखान्यात इटालियन संगमरवर, बर्मा सागवानाचा रुंद जिना. आणि पाठीमागे न्हाणीघरांपर्यंत चढणारा एक अरुंद, गोल गोल लोखंडी जिना. तो सफाई करणाऱ्यांसाठी. त्यांनी मागूनच वर यायचं, मागूनच उतरायचं, सागवानाला पाय लावायचा नाही. आज त्याच लोखंडी जिन्याचा फोटो काढायला लोक येतात आणि ‘काय सुंदर कारागिरी’ म्हणतात. अहवालात त्याची नोंद ‘सेवा जिना’ अशी होते. नोंदींना लाज नसते.

‘‘बॅटलीने बांधलाय,’’ एका वारसाने परदेशातून व्हिडिओ कॉलवर सांगितलं. क्लॉड बॅटली म्हणजे जे. जे.च्या वास्तुकला विभागाचे मोठे प्राध्यापक, बॅरिस्टर जिनांचा बंगला बांधणारे. कागद मात्र नाही. गडाच्या पायथ्याशी प्रत्येक जुन्या वाड्याला जसं वाटतं की महाराज एक रात्र आपल्याकडेच उतरले होते, तसं या टेकडीवरच्या प्रत्येक बंगल्याला वाटतं की आपण बॅटलीसाहेबांचेच. अण्णाने लिहिलं : ‘वास्तुविशारद – मालकांच्या सांगण्यानुसार.’

आता गणित. समजा असा बंगला आज बांधायला १० कोटी लागतील. आयुष्य धरायचं ८० वर्षं, आणि सगळं आयुष्य संपल्यावर मोडीचे म्हणून दहा टक्के. बंगला १९३३चा. म्हणजे आयुष्य संपलेलं, उरला १ कोटी. त्यातून पाडायचा खर्च आणि डेब्रिज उचलायचा खर्च वजा.

‘‘म्हणजे हा मेलाय?’’ मी विचारलं.

‘‘कधीच. बारा वर्षं झाली.’’

‘‘मग उभा कसा?’’

‘‘ते गणितात बसत नाही,’’ अण्णा म्हणाला.

मी वर पाहिलं. छताला एक ओरखडा नाही. आमच्या इमारतीला अजून तीस वर्षंही झालेली नाहीत, सज्ज्याचे पापुद्रे सुटून सळया बाहेर डोकावतात, पण हिशेबाने ती तरणीताठी आहे. याला म्हणतात कागदोपत्री तब्येत.

खरी गंमत दाराच्या मुठीत आहे. पितळेची, घासून घासून सोन्यासारखी झालेली मूठ. दाराला आहे तोवर अहवालात तिची किंमत काही नाही, ती दारात धरलेली, दार भिंतीत, आणि भिंत मेलेली. पण बंगला पाडला, मूठ उचकटली आणि चोर बाजारात मटन स्ट्रीटवर मांडली की तिला लगेच भाव. सागवानाचंही तेच. जिना म्हणून त्याची किंमत घसाऱ्यात गेली, फळ्या म्हणून तो जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरवाल्यांकडे मानाने जाईल. वस्तू वापरात आहे तोवर फुकट, मोडली की मौल्यवान, असा हा उलटा बाजार. आणि त्यात अण्णाचा काही दोष नाही, हे मलाही मान्य करावं लागतं. बाजारच तसं सांगतो.

होमी भाभांचा ‘मेहेरांगीर’ बघा ना. आईचं नाव मेहेरबाई, वडिलांचं जहांगीर, दोन्ही जोडून घराला नाव दिलेलं. भावाच्या, जमशेद भाभांच्या मृत्यूनंतर तो एनसीपीए या कलासंस्थेकडे आला, आणि २०१४ साली लिलावात ३७२ कोटींना गेला. स्मारक करा म्हणून शास्त्रज्ञांनी अर्ज केले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. दोन वर्षांनी बंगला जमीनदोस्त. म्हणजे त्या ३७२ कोटींत विटांचे किती, आणि ज्या भिंतींनी अणुऊर्जेचा विचार ऐकला त्यांचे किती, हे वेगळं विचारायची गरजच उरली नाही. २०१५ साली जटिया हाउस ४२५ कोटींना गेलं. त्याच वर्षी ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसचा ७५० कोटींचा सौदा जाहीर झाला आणि मग सरकारी परवानग्यांत वर्षानुवर्षं अडकला. हे मुळात वांकानेरच्या महाराजांचं घर. १९५७ साली अमेरिकन सरकारने ते ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलं. मुदत संपणार २९५६ साली. अण्णा या पट्ट्याबद्दल भक्तिभावाने बोलतो. त्याच्या आयुष्यात ‘उर्वरित कालावधी’ या रकान्यात नऊशेच्या वरचा आकडा लिहायची संधी अजून आलेली नाही.

आणि जिना हाउस? १९३६चा बंगला, अडीच एकर, अक्रोडाचं लाकूडकाम. १९४४च्या सप्टेंबरात गांधीजी जवळच्या बिर्ला हाउसमधून इथे जिनांशी बोलायला येत होते. फाळणीनंतर तो सरकारकडे गेला, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ब्रिटिश उपउच्चायुक्तांकडे होता, आणि त्यानंतर त्याच्या मालकीवर जितकी शाई खर्च झाली तितकी बांधायला वाळूही लागली नसेल.

‘‘त्या बोलण्यांची काही किंमत धरशील का?’’ मी अण्णाला विचारलं.

‘‘फिसकटली ना ती? शून्य.’’

जिना हाउसच्या समोर मुख्यमंत्र्यांचं ‘वर्षा’ आहे. तो शेजार चांगल्यात मोडतो की त्रासात, हे दर निवडणुकीला बदलतं, म्हणून अशा बाबतीत अण्णा ‘शेजार : उच्चभ्रू’ एवढंच लिहून मोकळा होतो.

तसं पाहिलं तर टेकडीचा भाव चढवण्यात पटकीचाही हात आहे. गव्हर्नरसाहेब राहायचे परळला. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथे पटकीने वारल्या, आणि १८८५ साली सरकारी निवासस्थान मलबार पॉइंटच्या वाऱ्यावर आलं. लाटसाहेब जिथे, तिथे शेटजी. परळच्या त्या सोडलेल्या महालात पुढे हाफकिन यांची लस तयार होऊ लागली. मुंबईला खरा उपयोग झाला तो टाकलेल्या घराचा, पण भाव वाढला दुसऱ्याच टेकडीचा.

इतिहास असला की किंमत वाढते, असा माझा भाबडा समज होता. या शहरात तो चक्क वजाबाकीत जातो. १९९५ साली मुंबईत वारसा नियमावली आली. बंगल्याला श्रेणी मिळाली की मालकाला आधी अभिमान वाटतो, मग तो वकिलाला फोन करतो. बेटावरच्या शहरात मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १.३३, शिवाय वर विकत घेता येणारं बरंच काही. पण वास्तू पहिल्या श्रेणीत गेली की हे सगळं गगन नुसतं बघायचं. म्हणून चौघा वारसांपैकी दोघांना ‘बॅटलीने बांधला’ हे अहवालात हवं होतं आणि दोघांना ते कटाक्षाने नको होतं.

मूल्यांकनाचा हेतू नावाचा एक रकाना असतो, तो मला सगळ्यात प्रामाणिक वाटला. बँकेकडून कर्ज हवं असेल तर किंमत चढी हवी. भावाचा हिस्सा विकत घ्यायचा तर उतरलेली हवी. आणि भांडवली नफ्याच्या करासाठी आणखी तिसरी : हा बंगला १ एप्रिल २००१ रोजी केवढ्याचा होता? तारीख मी ठरवलेली नाही, आयकर कायद्याने ठरवली आहे. तेव्हाची किंमत जितकी जास्त, तितका आजचा नफा कमी, म्हणून २००१ साली बंगला अतिशय वैभवात होता असं चौघांचंही एकमत झालं. त्यांचं एकमत झालेली ही एकमेव बाब. त्यावरही सरकारने झाकण घातलंय, तेव्हाच्या मुद्रांक शुल्काच्या दरापलीकडे जाता येत नाही.

मधल्या वेळेत मी बायकोला व्हिडिओ पाठवला. तिचं मूल्यांकन अण्णापेक्षा लवकर आलं. ‘‘झाडतं कोण?’’ हा पहिला प्रश्न. ‘‘स्वयंपाकघर तिकडे टोकाला, टेबल या टोकाला. आमटी निवणार.’’ ‘‘कपडे वाळत घालायला एक दोरी दिसत नाही.’’ शेवटी ‘‘पाणी चोवीस तास असतं का तेवढं विचार.’’ विचारलं. हँगिंग गार्डनच्या पोटात जलाशय आहे, शंभराहून जास्त वर्षं तो खालच्या मुंबईला पाणी पाजतोय. हे कळवल्यावर बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं : ‘‘दोरी बांधता येईल.’’

बंगल्यात राहत कुणीच नव्हतं. म्हणजे मालकांपैकी. आउटहाउसमध्ये केअरटेकर काका होते, मूळचे संगमेश्वराकडचे. कुठली खिडकी पावसाआधी बांधायची, कुठल्या खोलीला दरसाल वाळवी लागते, मोठ्या बाई कुठल्या खुर्चीत बसून पेपर वाचायच्या, हे सगळं त्यांना पाठ. वारसांना आपल्याच घराचं दार कुठल्या बाजूला उघडतं ते त्यांना विचारावं लागत होतं. अण्णाने त्यांची नोंद केली ‘बोजे व अडथळे’ या सदरात. भोगवटादार एक, भाडेकरू हक्काचा दावा करण्याची शक्यता, किमतीत त्यापोटी वजावट. बंगल्यात सागवानाने नाही, संगमरवराने नाही, पण ज्याच्यामुळे आकडा जागचा हलला, असा हा एकच माणूस. तो आमच्यासाठी चहा करत होता.

चहा देता देता काका म्हणाले, ‘‘सायेब, येक काम व्हतं. आमचा बी घर हाय गावाला. देवरुकच्या पुढं. तेची किंमत काडून द्याल काय?’’

शेकडो कोटींचे आकडे हाताळणारा माणूस खुशीत आला. खिशातून कार्ड काढलं. ‘‘देऊ की काका! सातबारा कुणाच्या नावावर?’’

‘‘आज्याच्या.’’

‘‘वारस किती?’’

काका बोटांवर मोजू लागले. दोन्ही हात संपल्यावर थांबले. ‘‘मुंबयवाले धरू का नुसते गाववाले?’’

‘‘सगळे.’’

‘‘मग सुरतवाले बी आले.’’

अण्णाने कार्ड अर्ध्यातच थांबवलं. ‘‘बरं, घराची वाटणी तरी झालीय का?’’

‘‘तोंडी झालीय. माजघर थोरल्याचा, पडवी आमची, चूल पाळीनं. आन् घर हाय तो चुलत्याच्या जाग्यात, चुलत्याचा गोठा आमच्या जाग्यात. तेला कागद न्हाय, पन सगळ्यास्नी ठावं हाय.’’

अण्णाने सरकारी दरांचं रेडी रेकनर मिटलं. टेप गुंडाळून पिशवीत टाकली. तरी व्यवसायाची इज्जत राखायची म्हणून त्याने एक शेवटचा प्रयत्न केला.

‘‘निदान अंगणात एखादं झाड असेल? तुमच्या एकट्याचं?’’

‘‘फणस हाय की.’’

‘‘मग त्याची काढू किंमत.’’

‘‘तो कोर्टात हाय,’’ काका म्हणाले.