श्री. रेन आणि श्री. मार्टिन यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. पर्सिव्हल ख्रिस्टोफर रेन व श्री. एच. मार्टिन,
'हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन' या ग्रंथाचे कर्ते

विषय : इंग्रजी व्याकरणाच्या काही नियमांत मराठीभाषकांच्या सोयीनुसार दुरुस्ती होण्याबाबत

महोदय,

उभयतांच्या ग्रंथाला महाराष्ट्रातील घराघरांत जे स्थान लाभले आहे ते फार थोड्या ग्रंथांच्या वाट्याला येते; तो आवर्जून विकत घेतला जातो, त्याला तपकिरी कव्हर घातले जाते, लेबलावर पाल्याचे नाव सुवाच्य अक्षरांत लिहिले जाते आणि त्यानंतर त्यातील नियम वर्षानुवर्षे कोरे करकरीत राहतात, कारण वापरामुळे झिजण्याचा प्रसंग त्यांच्यावर सहसा येत नाही. उभयतांपैकी श्री. रेन यांनी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केली होती आणि पुढे १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'बो जेस्ट' या कादंबरीने त्यांना मोठी कीर्ती मिळवून दिली, हे त्यांचे नाव केवळ धास्तीने घेणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते. फ्रेंच परदेशी पलटणीच्या त्या कथेत सहारातील एका किल्ल्याच्या तटावर मेलेले शिपाई बंदुकांसह उभे केले जातात, जेणेकरून शत्रूला किल्ला भरलेला वाटावा. तेव्हा नियमांच्या याद्या शालेय अभ्यासक्रमाच्या तटावर अशाच उभ्या राहिल्या, याचे श्री. रेन यांना तरी नवल वाटू नये.

प्रस्तुत पत्र इंग्रजी लिहिणाऱ्या मराठीभाषकांच्या, म्हणजे यापुढे ज्यांना 'अर्जदार' म्हटले जाईल त्या वर्गाच्या वतीने सादर करण्यात येत आहे. अर्जदार इंग्रजीत व्याकरणाच्या चुका करतात, असा त्यांच्यावर आरोप आहे. आरोप साफ खोटा आहे. अर्जदार व्याकरणाचे अत्यंत कसोशीने पालन करतात. फक्त ते व्याकरण मराठीचे असते. भाषाविज्ञानात या प्रकाराला 'मातृभाषेचा हस्तक्षेप' म्हणतात, म्हणजे शब्द नव्या भाषेचे घ्यायचे आणि वाक्याची घडण मात्र जुन्याच भाषेची ठेवायची. आणि या हस्तक्षेपाची खूण अशी की त्यातून होणाऱ्या चुका वेंधळेपणाच्या चुकांसारख्या इतस्ततः विखुरलेल्या नसतात, तर सावंतवाडीत आणि गोंदियात, बँकेच्या पत्रात आणि बारशाच्या निमंत्रणात त्या नेमक्या त्याच जागी आढळतात. एवढी शिस्त जिथे दिसते तिथे चूक या शब्दाऐवजी पर्यायी नियमावली हा शब्द अधिक शोभेल, आणि म्हणून आपल्या ग्रंथात योग्य ते फेरफार व्हावेत, अशी ही विनंती आहे.

पुराव्यादाखल रजेच्या अर्जातील एक वाक्य पाहावे, जे महाराष्ट्रातील कार्यालयांच्या फायलींत पिढ्यान्‌पिढ्या जसेच्या तसे उतरत आले आहे : 'अ‍ॅज आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीवर सिन्स टू डेज, सो आय कॅनॉट कम टू ऑफिस.' उभयतांच्या मते यात किमान तीन अपराध आहेत. अर्जदारांच्या मते एकही नाही. मराठीत गौण वाक्य आणि मुख्य वाक्य यांना जोडणारी अव्यये जोडीने येतात, जसे ज्याअर्थी आणि त्याअर्थी, जरी आणि तरी, जेव्हा आणि तेव्हा, आणि जोडीतले एक आले की दुसऱ्याला बोलावणे जातेच. म्हणून 'अ‍ॅज' आले म्हणजे 'सो' येते आणि 'ऑल्दो' आले म्हणजे 'बट' त्याच्या पाठोपाठ येते. इंग्रजीला मात्र एकाच अव्ययावर भागवण्याची काटकसरी सवय असल्यामुळे तिथे 'अ‍ॅज' तरी खोडावे लागते किंवा 'सो' तरी. 'इफ'च्या मागून 'देन' आलेले ती चालवून घेते, हा पक्षपात कशासाठी याचा खुलासा व्हावा.

त्याच वाक्यातील दुसरी अडचण 'पासून' या शब्दयोगी अव्ययाची आहे. मराठीत 'सोमवारपासून' म्हणता येते आणि 'दोन दिवसांपासून'ही म्हणता येते, म्हणजे ज्या क्षणी गोष्ट सुरू झाली तो क्षण आणि ती जितका काळ चालली तो काळ या दोहोंना 'पासून' सारखेच लागते. इंग्रजीने या एका कामासाठी दोन माणसे नेमली आहेत : आरंभबिंदूसाठी 'सिन्स', म्हणून 'सिन्स मंडे', 'सिन्स २०१५', 'सिन्स चाइल्डहूड'; आणि कालावधीसाठी 'फॉर', म्हणून 'फॉर टू डेज', 'फॉर टेन इयर्स'. तिसरी अडचण काळाची आहे, कारण जे मागे सुरू झाले आणि अजून चालू आहे ते मराठी निःसंकोच वर्तमानकाळात सांगते, तर इंग्रजी त्यासाठी 'हॅव' किंवा 'हॅव बीन' असलेले रूप मागते. सर्व अटी पाळून वाक्य असे होते : 'आय हॅव बीन सफरिंग फ्रॉम फीवर फॉर टू डेज, सो आय कॅनॉट कम टू ऑफिस.' याहूनही सहज इंग्रजी 'आय हॅव हॅड अ फीवर फॉर टू डेज' हे होय, परंतु एकापुढे एक 'हॅव' आणि 'हॅड' पाहून मंजुरी देणाऱ्या साहेबांना अर्जदार तापात बरळत आहे असे वाटण्याचा संभव असल्याने ते रूप कोणी वापरत नाही.

यापेक्षा गंभीर बाब म्हणजे नाशिकला जाऊन येणाऱ्या माणसाची इंग्रजीने केलेली कुचंबणा. 'गेल्या आठवड्यात तो नाशिकला गेला होता' हे मराठी वाक्य स्वयंपूर्ण आहे. त्यात जाणे आहे, परतणे गृहीत आहे आणि ती गोष्ट आता मागे पडली हेही आहे. अर्जदार त्याचे 'ही हॅड गॉन टू नाशिक लास्ट वीक' असे प्रामाणिक इंग्रजी करतो आणि इंग्रज वाचक पुढच्या वाक्याची वाट पाहत थांबून राहतो, कारण त्याच्या भाषेत 'हॅड गॉन' हे रूप, ज्याला पूर्ण भूतकाळ म्हणतात, भूतकाळातील दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी काय घडले हे सांगण्यासाठी राखून ठेवलेले आहे : 'ही हॅड गॉन टू नाशिक व्हेन द लेटर केम.' पत्र आलेच नसेल, दुसरे काही घडलेच नसेल, तर साधे 'वेन्ट' पुरते. 'गेला होता'चा 'होता' पाहिला की बोटे आपोआप 'हॅड' टंकतात; ती तेवढ्यापुरती आवरून दुसरी घटना कोणती हा प्रश्न स्वतःला विचारला आणि उत्तर आले नाही, तर 'हॅड' काढून टाकावे, एवढाच यावरचा उपाय. हा दोष एकच वाक्य नव्हे तर अख्खा परिच्छेद बिघडवतो, तरी त्यावर लाल शाई क्वचितच पडते, कारण तपासणाऱ्याचीही मातृभाषा बहुधा मराठीच असते.

उपपदांविषयी, म्हणजे नामाआधी येणाऱ्या 'अ', 'अ‍ॅन' आणि 'द' या चिमुकल्या शब्दांविषयी, असे शिकवले जाते की मराठीत ती नसल्यामुळे मराठी माणसाला त्यांमागची कल्पनाच कळत नाही. ही समजूत मात्र अर्जदारांना विनोद म्हणूनही मान्य नाही. 'टेबलावर पुस्तक आहे' आणि 'पुस्तक टेबलावर आहे' या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत, पण पहिल्यात कुठलेसे एक पुस्तक नव्याने दाखवले जाते आणि दुसऱ्यात ज्याची शोधाशोध चालली होती ते पुस्तक सापडते. इंग्रजीत पहिल्याला 'अ बुक' आणि दुसऱ्याला 'द बुक' लागेल. तसेच 'त्याने मुलगी पाहिली' याचा अर्थ वधूसंशोधनाचा एक प्रयत्न पार पडला असा होतो, आणि 'त्याने मुलीला पाहिले' यातील मुलगी बोलणाऱ्याला व ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. हे काम मराठी कधी शब्दक्रमाकडून आणि कधी 'ला' या प्रत्ययाकडून करून घेते, एवढाच फरक. म्हणून उपपदाचा निवाडा इंग्रजी वाक्यावर डोके धरून बसण्याऐवजी मराठीतच करावा : नामाआधी 'तो', 'ती' किंवा 'ते' घालून अर्थ बदलत नसेल तर 'द', 'कुठलासा एक' घालता येत असेल तर 'अ', आणि दोन्ही विसंगत वाटून बोलणे सर्वसामान्य गोष्टीविषयी असेल तर काहीच नको, जसे 'लाइफ इज शॉर्ट'. ही युक्ती दर वेळी साधेलच असे नाही, कारण 'द' नदीच्या नावाआधी येते आणि शहराच्या नावाआधी येत नाही याला कितीही मराठी पुरी पडणार नाही. पण एरवी ती बऱ्यापैकी उपयोगी पडते.

'अ' आणि 'अ‍ॅन' यांच्या बाबतीत तर अर्जदारांची लिपी इंग्रजी लिपीपेक्षा सरस आहे. नियम उच्चाराचा आहे, स्पेलिंगचा नव्हे, आणि देवनागरी उच्चारच लिहिते. 'अवर' आणि 'एमएलए' स्वराने सुरू होतात म्हणून 'अ‍ॅन', 'युनिव्हर्सिटी' आणि 'वन-रुपी कॉइन' हे 'य' आणि 'व' या व्यंजनांनी सुरू होतात म्हणून 'अ'. शब्द मनातल्या मनात देवनागरीत लिहिला की शंका उरत नाही. ही सोय आपल्या ग्रंथाच्या पुढील आवृत्तीत ऋणनिर्देशासह घ्यावी.

उरलेल्या मागण्या किरकोळ आहेत. 'कोणीही आले नाही' याचे 'एनीबडी डिड नॉट कम' हे शब्दशः रूप मान्य व्हावे. नकाराआधी 'एनीबडी' येऊ शकत नाही, 'नोबडी केम' असे म्हणून नकार कर्त्यातच घालावा लागतो, हा इंग्रजीचा हट्ट आहे. 'माझा एक मित्र' एकवचनी असताना 'वन ऑफ माय फ्रेंड्स' असे अनेकवचन का, तर 'पैकी' म्हटले की आधी अनेक असावे लागतात. हे तर्काला धरून असले तरी खर्चिक आहे. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' आणि 'मॅरी'नंतर 'विथ' नको, असे सांगणाऱ्यांनी चर्चा 'विषयी' आणि लग्न 'शी' केल्याशिवाय होते का, हे अनुभवाने सांगावे. 'स्टेशन कुठे आहे ते सांगाल का' यात मराठी शब्दांची अदलाबदल करत नाही, पण इंग्रजी प्रश्न सरळ असेल तर 'व्हेअर इज द स्टेशन' आणि दुसऱ्या वाक्याच्या पोटात असेल तर 'कॅन यू टेल मी व्हेअर द स्टेशन इज' अशी जागा बदलते. आणि 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' यावर एवढा गहजब का व्हावा, हे 'मला दोन भाऊ आहेत' म्हणणाऱ्याला समजत नाही. इंग्रजीत चालू काळाचे 'इंग' फक्त सुरू होऊन संपणाऱ्या कृतीला लागते, त्यामुळे 'हॅविंग लंच' चालते, कारण जेवण संपते, पण भाऊ, माहिती असणे, आवडणे, समजणे या अवस्था असल्याने तिथे 'हॅव', 'नो', 'लाइक', 'अंडरस्टँड' एवढेच म्हणावे लागते.

उभयता यावर असे विचारतील की हे सारे ग्रंथात असताना अर्जदारांच्या अंगी उतरले का नाही. त्याचे उत्तर परीक्षेच्या 'डू अ‍ॅज डायरेक्टेड' या प्रश्नात आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते; म्हणजे दहा वर्षांच्या तपश्चर्येनंतर विद्यार्थी 'राम किल्ड रावण' याचे कर्मणी रूप डोळे मिटून करतो, 'टू' काढून 'सो दॅट' घालतो, 'नॉट ओन्ली'च्या मागून 'बट ऑल्सो' बिनचूक बसवतो, थोडक्यात दुसऱ्याने लिहिलेले आणि आधीच बरोबर असलेले वाक्य दुसऱ्या बरोबर वाक्यात बदलण्यात तो पारंगत होतो. स्वतःचे वाक्य स्वतः रचण्याची वेळ येते ती पहिल्या रजेच्या अर्जात, आणि त्या वेळी मदतीला कोण येते, तर मराठी. मराठी नेमकी कुठे वळते आणि इंग्रजी कुठे वळते हे शेजारी ठेवून दाखवणारा तास वेळापत्रकात नसतो, कारण मराठीचे व्याकरण मराठीच्या पेपरापुरते आणि इंग्रजीचे इंग्रजीच्या पेपरापुरते अशी वाटणी झालेली असते; वास्तविक दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण लिहिले तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणांचा नमुना होता, म्हणजे दोन्ही व्याकरणे एकमेकांना चांगलीच ओळखतात.

उलट ज्या गोष्टींवरून अर्जदारांना अकारण ओशाळे केले जाते त्यांची यादी मात्र तत्परतेने पाठ असते. वाक्याच्या शेवटी 'ऑफ', 'विथ' अशी शब्दयोगी अव्यये येऊ नयेत, हा दंडक इंग्लंडातल्या पंडितांनी लॅटिनकडे पाहून घातला. पुढे लंडनचे बिशप झालेल्या रॉबर्ट लाउथ यांनी १७६२च्या आपल्या व्याकरणात तशी रचना गंभीर लेखनाला कमी शोभते एवढेच मत दिले होते, त्याचा पुढे कायदा झाला आणि इंग्रज जनता तो आजतागायत मोडत आली आहे. 'प्लीज डू द नीडफुल' याची तर चेष्टाच होते, पण तो अर्जदारांचा अपराध नसून साहेबांनी जाताना मागे ठेवलेला माल आहे; तिकडे तो जुना झाला, इकडे सरकारी पत्रव्यवहारात टिकला. अशा प्रयोगांना प्रांतिक रूढी म्हणावे आणि 'सिन्स टू डेज'ला चूक म्हणावे, हा भेद करण्यास अर्जदार तयार आहेत, अट एवढीच की समोरूनही तो केला जावा.

तरी वरील मागण्यांचा सहानुभूतीने विचार होऊन निर्णय कळवावा. सुनावणीची तारीख दूरची पडल्यास ती प्रीपोन करण्यात यावी; हा शब्द भारतात रूढ होऊन ऑक्सफर्डच्या कोशातही दाखल झालेला असल्यामुळे त्याला हरकत घेता येणार नाही.

कळावे,
आपले नम्र,
अर्जदार वर्गाच्या वतीने

सोबत : रजेचा अर्ज, एक प्रत (दुरुस्त केलेला, मंजूर झालेला नाही)