तिकटीवरचे आबा

कोल्हापुरात अनंत चतुर्दशीला दोन प्रकारची माणसं घराबाहेर पडतात. एक, गणपती पोहोचवायला निघालेली. आणि दुसरी, ती नीट पोहोचवतात की नाही ते बघायला निघालेली. पहिल्यांवर वर्तमानपत्रात पानंच्या पानं छापून येतात. दुसऱ्यांच्या वाट्याला ‘भाविकांची अलोट गर्दी’ एवढे तीन शब्द येतात, आणि हा त्यांच्यावर उघड अन्याय आहे. या दुसऱ्या प्रकारातल्या अस्सल नमुन्याला आपण आबा म्हणू. वय साठीच्या पुढे, घर शिवाजी पेठेत नाहीतर मंगळवार पेठेत, नोकरी संपलेली, मतं शिल्लक. महाद्वार रोड ते पापाची तिकटी या पट्ट्यात एखाद्या बंद दुकानाची पायरी त्यांची ठरलेली असते. दुपारी तीनला तिथं रुमाल पडतो आणि त्या रुमालाला सातबाराइतकी किंमत असते. दुकानदार स्वतः आला तरी तो शेजारी उभा राहतो. सोबत भडंगाची पुडी, पाण्याची बाटली आणि एक नातू. नातू मिरवणूक बघायला आणलेला नसतो, ऐकायला आणलेला असतो, आबांकडून.

माझं म्हणणं असं की मिरवणूक ही चालणाऱ्यांपेक्षा या पायरीवर बसणाऱ्यांची असते. चालणारे येतात नि जातात, मालकी पायरीवर राहते. हे अतिशयोक्तीचं वाटत असेल तर २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं आठवा. कोरोनामुळे मिरवणुकांवर बंदी होती, पण गणपतींचं विसर्जन काही अडलं नाही. मूर्ती पाण्यात गेल्या, आरत्या झाल्या, प्रसाद वाटला गेला. धर्माच्या हिशेबात कमी काहीच पडलं नाही. तरी दोन्ही वर्षं गावाला चतुर्दशी झाल्यासारखी वाटली नाही, कारण ते सगळं कुणी बघितलं नव्हतं. विसर्जनाला पाणी पुरतं. मिरवणुकीला माणूस लागतो, आणि तोही नुसता माणूस नव्हे, ज्याला काहीतरी खटकेल असा माणूस लागतो.

खटकायला आधी कळावं लागतं, आणि कळण्याची तालीम या गावाला मोठी मिळालेली आहे. शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले. त्याच दौऱ्यात त्यांनी रोमचं जुनं प्रेक्षागार पाहिलं आणि परत आल्यावर खासबागेत कुस्तीचं असं मैदान बांधलं की कडेच्या शेवटच्या माणसालाही आखाड्यातला डाव दिसावा. १९१२ सालचं ते मैदान मला मल्लांइतकंच प्रेक्षकांचं स्मारक वाटतं. राजानं बघणाऱ्याची एवढी सोय केली, तर बघणाऱ्यानं स्वतःला महत्त्वाचं का समजू नये? खासबागेत चांगली कुस्ती झाली की लोक पैलवानाच्या हातात खुशीनं नोटा देतात आणि चटकदार कुस्ती लावली नाही तर तोंडावर सांगतात. हीच नजर शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या फुटबॉलला लागते आणि तीच तिकटीवर येऊन बसते. तुकाराम माळी तालमीच्या मानाच्या पहिल्या गणपतीची पालखी निघते तीही खासबागेतूनच. हा योगायोग असेलही. आबा तसं मानत नाहीत.

आबांचं परीक्षण कसं चालतं ते जवळून बघण्यासारखं आहे. झांजपथक आलं की त्यांचं लक्ष पहिल्या रांगेकडे नसतंच. पहिल्या रांगेत सगळीच मंडळं चांगली पोरं ठेवतात. खरं पथक मागच्या कोपऱ्यात कळतं. तिथलं एखादं पोरगं पाय टाकताना शेजाऱ्याकडे बघत असलं की आबा म्हणतात, “आठ दिसाची प्रॅक्टिस हाय ही.” हलगीच्या बाबतीत तर ते वाजायला लागण्याआधीपासून गुण देतात. भाद्रपदातल्या दमट हवेत कातडं सैल पडतं, म्हणून वाजवणारा रस्त्याकडेला कागद पेटवून त्याच्या धगीवर हलगी फिरवतो, मधेच बोटानं टिचकी मारून कान लावतो, पुन्हा फिरवतो. आबा ते बघत असतात. घाईनं तापवली की मान हलते; आडवी. मग डाव्या हातातली बारीक काडी थरथरायला लागते, उजव्या हातातली आखूड काडी ठोका देते, मागून घुमकं भरतं आणि कैताळाचा खणखणाट त्यात मिसळतो. आता मान उभी हलते. “वाजवायलाय बघ कसा!” एवढंच. या तीन शब्दांसाठी वाजवणाऱ्यानं रात्रभर हात मोडून घेतलेले असतात, आणि त्याला ते ऐकूही येत नाहीत. फायबरची हलगी आली तर आबा तिला गुणच देत नाहीत. परीक्षेला बसू देणं हीच मेहेरबानी.

बाकीचं वर्षही याच धोरणानं चालतं. दसऱ्याला आबा दसरा चौकात असतात. अंबाबाई, तुळजाभवानी आणि गुरुमहाराजांच्या पालख्या येतात, छत्रपती संस्थानकालीन मेबॅक गाडीतून येतात, लकडकोटापाशी पूजा होते, फैरी झडतात आणि सोनं लुटायला झुंबड उडते. सोहळा काही मिनिटांत आटोपतो. पण आबांची खरी चिंता त्याच्या आधीची असते: गाडी वेळेवर निघाली का, कुठली पालखी आधी पोहोचली, क्रम चुकला का. चैत्रात जोतिबावर मानाच्या १०८ सासनकाठ्या गुलालातून निघतात, तेव्हाही त्यांना काठीच्या उंचीपेक्षा दोऱ्या धरणाऱ्यांचं पाऊल महत्त्वाचं वाटतं. उलट दिल्लीचं संचलन ते दूरदर्शनवर बघतात ते अर्धवट मनानं. २०२३ च्या प्रजासत्ताक दिनी महाराष्ट्राच्या चित्ररथावर साडेतीन शक्तिपीठं होती, म्हणजे आपली अंबाबाई कर्तव्यपथावर होती. तेवढं त्यांनी उभं राहून बघितलं. चित्ररथाला दुसरा क्रमांक मिळाला, याबद्दल त्यांच्या मनात केंद्र सरकारविषयी अजूनही काही आहे. पण एकूण संचलनाबद्दल त्यांचं मत ठाम आहे: “सगळं बरोबरच असतंय की तिथं. मग बघायचं काय?”

या वाक्यात बरंच तथ्य आहे. जिथं चूक होऊच दिली जात नाही तिथं बघणाऱ्याला काम उरत नाही. तो टाळ्या वाजवायला ठेवलेला असतो. ब्राझीलमधल्या रिओला हे कळलं. तिथं कार्निव्हलच्या मिरवणुकीसाठी १९८४ मध्ये ऑस्कर नीमायरनं आखलेला खास रस्ता बांधला गेला, दोन्ही बाजूंना प्रेक्षकांसाठी पायऱ्या. आणि सांबाच्या पथकांना वाद्यं, ताल, वेशभूषा अशा बाबींवर गुण द्यायला रीतसर परीक्षक बसतात. कोल्हापुरात परीक्षकाची नेमणूक होत नाही आणि निवृत्तीही होत नाही, एवढाच फरक.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: ही रिकामटेकडी मंडळी, स्वतः ढोलाला हात लावणार नाहीत, नुसती नावं ठेवणार. हे मला पटत नाही. आबांनी तरुणपणी लेझीम खेळलेली असते, ट्रॅक्टरपुढं दोर धरलेला असतो. ते बढती घेऊन पायरीवर आलेले असतात. शिवाय नावं ठेवायलाही मुक्काम लागतो. रात्र उलटून दुसऱ्या दिवशीचं ऊन डोक्यावर येईपर्यंत जो माणूस “पयल्यागत ऱ्हायलं न्हाई” म्हणत बसून राहतो, त्याचं म्हणणं खरं धरायचं की बसणं? मी बसणं खरं धरतो. दुसरा आक्षेप बायकांचा: पायरीवर सगळे पुरुषच कसे? हा आक्षेप मान्य. पण त्याचा अर्थ बायका बघत नाहीत असा नव्हे. त्या गॅलरीत असतात, वरून बघतात आणि आबांपेक्षा कडक बघतात. नवरात्रात अष्टमीच्या रात्री अंबाबाई नगरप्रदक्षिणेला निघते तेव्हा वाटेवर रांगोळ्यांचे गालिचे पडतात. त्या रात्री देवीच्या साडीपासून फुलांच्या आराशीपर्यंत जी चिकित्सा होते, तिच्यापुढं आबांची हलगीची परीक्षा म्हणजे बालवाडी.

तिसरा आक्षेप मात्र आबांना सुटू देत नाही. तो डॉल्बीचा. ध्वनिप्रदूषणाची नियमावली २००० साली आली. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. साधं बोलणं साठाच्या घरात जातं, म्हणजे कायद्याच्या काटेकोर हिशेबानं आबा स्वतःच रात्री दहानंतर बेकायदा आहेत. डॉल्बीचा तर हिशेबच वेगळा. तिथं दुकानांची शटरं तालात थरथरतात, लहान पोरं कान झाकतात, हृदयाचा त्रास असलेला माणूस आतल्या खोलीत जाऊन बसतो. आबा यावर पोटतिडकीनं बोलतात: पोरं वाया गेली, पोलीस काय करतात, मंडळाच्या वर्गणीचा हा काय वापर. सगळं बरोबर. पण तिकटीवर गर्दी दाट कुठं होते ते बघा. हलगीपुढं दोन रांगा. लेसर आणि डॉल्बीच्या गाडीपुढं पाय ठेवायला जागा नाही. आणि त्या गर्दीत, शिव्या देत का होईना, मान उंच करून आबा असतातच. “किती वाईट ते तरी बघू दे की.” मंडळाचा कार्यकर्ता काही खुळा नाही. त्याला आबांची शिवी ऐकू येत नाही, वर केलेली मान दिसते. तो ती मोजतो आणि पुढच्या वर्षी दोन बेस जास्त सांगतो.

म्हणजे मालकीचा माझा मुद्दा खरा असेल, तर बिलही आबांच्याच नावावर फाटतं. मिरवणूक बघणाऱ्याची असते असं मानायचं आणि ती बिघडली की पोलीस, पोरं आणि पुढारी यांच्याकडे बोट दाखवायचं, हे जमणार नाही. यावर आबा म्हणतील, एकट्यानं मान फिरवून काय होतंय? खासबागेत काय होतं ते त्यांना माहीत आहे. रटाळ कुस्तीला लोक उठून भेळ खायला जातात आणि तेवढ्यानं पैलवान सुधारतो; त्यासाठी कुणी कलेक्टरला निवेदन देत नाही.

तेव्हा आबा, एवढं करा. येत्या चतुर्दशीला हलगी पुढ्यात आली की उठून उभे राहा, तुमचे ते तीन शब्द वाजवणाऱ्याला ऐकू जातील असे मोठ्यानं म्हणा आणि खिशातली नोट त्याच्या हातात द्या. मागून डॉल्बीची गाडी आली की काही बोलू नका, नातवाचा हात धरा आणि बोळातून सरळ चालू लागा. शेजारच्या पायरीवरच्या आबांनाही सांगा.