शेठ, वैर जपा!

रा. रा. अप्पा आणि रा. रा. शेठ,
आडत व भुसार मालाचे व्यापारी, सास्तूर, ता. लोहारा, जि. धाराशिव

यांना, दोन्ही दुकानांच्या उधारीच्या वहीत नाव असलेल्या एका शेतकऱ्याचा साष्टांग नमस्कार.

एकाच कागदावर दोघांना लिहितो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. तुम्ही एका मांडवात जेवत नाही, एका पुढाऱ्याच्या स्वागताला उभे राहत नाही, गणपतीची वर्गणीसुद्धा वेगवेगळ्या मंडळांना देता, हे मला ठाऊक आहे. नावं मुद्दाम लिहिली नाहीत. असे अप्पा आणि असे शेठ मुरुमला आहेत, उमरग्याला आहेत, तेरणेपलीकडं किल्लारीतही असतील. ज्याला लागू पडेल त्यानं मनावर घ्यावं.

विषय तुम्हाला माहीत आहे. अप्पांची मुलगी आणि शेठचा मुलगा लग्न करतो म्हणतात. मुलीला घराबाहेर पडू देत नाहीत, मुलाला दुकानाच्या गल्ल्यावरून उठवलं. मी तुमच्या बाजूनं आहे. हे लग्न कदापि होऊ देऊ नका.

यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. तुमचं वैर म्हणजे गोरगरिबांचा आधार. अप्पांनी उचल द्यायला कुरकुर केली की आम्ही म्हणतो, “बरं, शेठकडं बघतो.” शेठनं खताचे पैसे लगेच मागितले की आम्ही अप्पांच्या दुकानासमोर मोटारसायकल उभी करतो. तुम्ही व्याही झालात तर आम्ही कुठं जायचं? सगळं गाव एकाच वहीत यायचं!

असं मी आठ दिवस पारावर सांगत होतो. मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, “दोघांच्या भावात फरक किती असतो रे?” आणि माझी बोलती बंद झाली.

फरक काहीच नसतो. सकाळी दहाच्या आत दोन्ही फळ्यांवर सोयाबीनचा एकच आकडा लागतो. हवा, म्हणजे ओलावा, बारा टक्क्यांच्या वर आहे म्हणून अप्पा जेवढी कट्टी लावतात, तेवढीच शेठ लावतात. मातेरं दोघांनाही सारखंच दिसतं. हमाली, तोलाई, सगळं रुपयाला रुपया जुळतं. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजार चार हजारांच्या आसपास रेंगाळत होता, तेव्हाही तुमच्यात पाच रुपयांचा मतभेद झाला नाही. तीस वर्षं बोलचाल नसलेली दोन माणसं रोज सकाळी एवढी एकमतानं कशी जागी होतात, हे कोडं मला सुटत नाही. सख्ख्या भावांना जमत नाही ते तुम्हाला जमतं. म्हणजे सोयरीक झालेलीच आहे. फक्त अक्षता टाकायच्या राहिल्या आहेत.

तुमच्या वैराचं मूळ काय, यावर गावात दोन मतं आहेत. कोणी म्हणतं काटा मारल्याचा आरोप, कोणी म्हणतं भूकंपानंतरच्या पुनर्वसनात रस्त्याकडेचा प्लॉट कोणाला मिळाला त्यावरून. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जे झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून झोपलेली माणसं दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाखाली गेली. या भागात दहा हजारांच्या आसपास माणूस गेला. त्या पहाटे ढिगारे उपसताना कोणी कोणाच्या दुकानाची पाटी वाचली नव्हती. प्लॉटची भांडणं नंतरची, पत्रे आणि सिमेंट आल्यावरची. तेव्हा वैर फार पुरातन आहे, आजा-पणजापासूनचं आहे, असं पोरांना सांगत जाऊ नका. त्यांना वजाबाकी येते.

आता पोरं एकत्र आली कशी, तेही सांगतो. अप्पा, शेठचा मुलगा लातूरला ट्यूशनला गेला हे कळल्यावर चार दिवसांत तुम्ही मुलीचं नाव तिथंच घातलं. त्याचाच क्लास, त्याच सर. “त्याचा पोरगा डॉक्टर होतो तर माझी पोरगी का नाही?” हे वाक्य तुमचं आहे, सगळ्या पेठेनं ऐकलेलं. लातूर पॅटर्ननं राज्याला किती डॉक्टर दिले ते लोक मोजतात. किती जावई दिले ते कोणी मोजत नाही. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात भज्जी आणि आंबील खायला तुमची दोन्ही घरं बांधाला बांध लागून बसतात, त्या दिवशी कोण कोणाच्या कोपीत जेवतं याला धरबंध नसतो, हेही तुम्ही विसरलात. पोरं तुमच्या चढाओढीतून जवळ आली. श्रेय घ्या.

“वैऱ्याच्या घरी मुलगी दिली तर आयुष्यभर तंटा,” असं अप्पा म्हणतात. जरा जिल्ह्याकडं बघा. आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं वैर सोयऱ्यांचं नाही, भावकीचं आहे. राणाजगजितसिंह पाटील आणि ओमराजे निंबाळकर हे चुलत घराण्यातले. विधानसभेला 2009 आणि 2014 साली, लोकसभेला 2019 साली ते समोरासमोर लढले. 2024 ला ओमराजेंच्या समोर राणाजगजितसिंहांच्या पत्नी अर्चना पाटील उभ्या राहिल्या. उलट राणाजगजितसिंहांचे वडील, तेरचे पद्मसिंह पाटील, यांची बहीण सुनेत्रा बारामतीच्या पवारांकडं दिली. पुढं 2019 ला तेरच्या घरानं पक्ष बदलला, पण सोयरीक तुटली नाही. मोठ्या घरात कारखाना वेगळा, पक्ष वेगळा, आणि लग्नात मात्र सगळे पहिल्या रांगेत. त्याला राजकीय प्रगल्भता म्हणतात. तेच सास्तुरात झालं की “पोरीनं तोंड काळं केलं.” एवढाच फरक, की तिथं लग्न बापांनी ठरवलेलं असतं. तुमचं दुखणं वैराचं नाही, तुम्हाला न विचारल्याचं आहे.

बसवजयंतीच्या मिरवणुकीत तुम्ही दोघंही दिसता. एक ट्रॅक्टरच्या पुढं, एक मागं. बसवकल्याण इथून फार लांब नाही. बाराव्या शतकात तिथं मधुवरस या ब्राह्मणानं आपली मुलगी हरळय्या या चांभाराच्या मुलाला दिली. परंपरा सांगते की बिज्जळ राजानं शिक्षा दिली ती दोन्ही बापांना. पोरांना होकार दिला, हा त्यांचा गुन्हा. बापांनी होकारासाठी जीव दिला त्या गावच्या बसवण्णांचं नाव घेऊन तुम्ही मिरवणूक काढता आणि घरी येऊन पोरीच्या खोलीला कडी लावता. पुढच्या वर्षी निदान फेटा तरी बांधू नका.

कायद्याचं म्हणाल तर तिथं तुमची बाजू फार लंगडी आहे. मुलगी अठराची आणि मुलगा एकवीसचा झाला की तुमच्या सहीला किंमत राहत नाही. दोन सज्ञान माणसांच्या लग्नात घरच्यांना, जातीला किंवा पंचायतीला आडवं येता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 च्या मार्चमध्ये शक्तिवाहिनी प्रकरणात स्पष्ट सांगितलं. लोहाऱ्याच्या ठाण्यात ‘मुलगी हरवली’ म्हणून तक्रार द्याल, तर पोलीस मुलीचा जबाब घेतील, ती म्हणेल “मी स्वखुशीनं गेले,” आणि तुम्ही रिकाम्या गाडीनं परत याल. जाण्या-येण्याचं डिझेल वेगळं. शासन आंतरजातीय विवाहाला 50 हजारांची मदत देतं, पण आंतर-आडत विवाहाला योजना नाही. तेवढा अर्ज तुम्ही दोघांनी मिळून करावा. नाहीतरी मिळून करायची सवय आहेच.

आणि तरीही वैरच हवं असेल, तर ते खरं करा. अप्पा, उद्या सकाळी शेठपेक्षा दहा रुपये जास्त लिहा. शेठ, तुम्ही दुपारी वीस वाढवा. कट्टी बंद करा, काटा दारात आणून ठेवा, हिशोबपट्टी शेतकऱ्याच्या हातात द्या. महिनाभर असं लढलात तर मी स्वतः गावभर सांगेन की या दोन घरांत लग्न होणं अशक्य आहे. ती हिंमत नसेल, तर पोरांच्या आडून आम्हाला वैराचा खेळ दाखवू नका.

मुलीचा मोबाईल काढून घेतला आहे असं कळतं. तो आज संध्याकाळपर्यंत तिला परत द्या. तिच्या परीक्षेचं हॉल तिकीट त्याच्यावर यायचं आहे, आणि फी तुम्हीच भरलेली आहे.

आपला,
दोन्ही वह्यांतला एक देणेकरी