नवरा-बायकोने अटलांटिक कसा ओलांडावा

रोजच्या धावपळीत एकमेकांसाठी वेळच मिळत नाही ना? मग तीन आठवडे दोघंच शिडाच्या होडीत काढा. कॅनरी बेटांवरचं लास पाल्मास ते कॅरिबियनमधलं सेंट लुशिया, अंतर साधारण २,७०० सागरी मैल. वेग सायकल रमतगमत चालवल्याइतका.

१. आधी घर विका. होडीला पैसा लागतो, शिवाय परतायला जागा असली की माणूस कच खातो. मॉरिस आणि मॅरलिन बेली या इंग्रज जोडप्याने हेच केलं होतं. १९७३ साली पॅसिफिकमध्ये देवमाशाच्या धडकेने त्यांची होडी बुडाली आणि पुढचे ११७ दिवस त्यांनी रबरी तराफ्यावर काढले. गळ सेफ्टी पिनांचे, जेवण कच्च्या कासवांचं. सात जहाजं न बघता निघून गेली. बाहेरच्यांची लुडबुड नको म्हणून मॉरिसने संदेश पाठवायचा रेडिओ घेतलाच नव्हता. लुडबुड खरंच झाली नाही! सुटका झाल्यावर दोघांनी काय केलं? दुसरी होडी बांधली. तुमच्याकडूनही एवढीच अपेक्षा आहे.

२. नोव्हेंबरअखेर निघा. चक्रीवादळांचा हंगाम तोवर सरतो आणि ईशान्येचे व्यापारी वारे पाठीशी असतात. वारा पाठीशी असला की होडी रात्रंदिवस दोन्ही कुशींवर लोळते. झोपायचं असेल तर स्वतःला उशांमध्ये ठोकून बसवा.

३. केळ्यांचा अख्खा घड टांगा. तो एकाच दिवशी पिकेल. शिकरण करा. दुसऱ्या दिवशीही शिकरणच. प्रेशर कुकर मात्र न्याच. वाफेपेक्षा त्याचं घट्ट झाकण महत्त्वाचं. वरण छताला लागलं तर ते पुसायचं कोणी, यावर भली भली लग्नं हेलकावतात.

४. पाळ्या लावा. तीन तास एक जागा, तीन तास दुसरा. म्हणजे ज्याच्यासाठी वेळ काढलात, तो किंवा ती तुम्ही जागे असताना नेहमी झोपलेली असेल. बिचारे! पाळी बदलताना बोलून घ्या:

“जहाज दिसलं का?”

“नाही.”

“चहा?”

“संपला.”

उरलेलं लॉगबुकात लिहा. वाऱ्याची दिशा, वेग आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘ओला टॉवेल पुन्हा माझ्या अंथरुणावर’.

५. रात्री सुकाणूजवळची जागा सोडून एकट्याने पुढे डेकवर जायचं नाही, दुसऱ्याला उठवायचं, हा नियम जिवाचा आहे; मोडू नका. पावसाची सर नेमकी पहाटे तीनला येते आणि शीड लहान करावं लागतं. “अहो, जरा येता का?” हे वाक्य गोड आवाजात म्हणायचा सराव किनाऱ्यावरच करून ठेवा.

६. ऑटोपायलटला नाव द्या. तो न कुरकुरता सुकाणू सांभाळतो, शिकरण मागत नाही. जोडीदाराला कधी ‘थँक यू’ न म्हणणारी माणसं त्याला रोज म्हणतात. मत्सर वाटू देऊ नका.

७. पोहोचलात! आता परतीचं बघा. आलात त्या वाटेने जाता येत नाही, वारा तोंडावर असतो. उत्तरेकडून, अझोर्स बेटांमार्गे वळसा घालून जायचं, तेही मे महिन्याच्या सुमारास. तोवर थांबवत नसेल तर लंडनचं विमान आठ-नऊ तासांत पोहोचवतं. शेजारच्या सीट मागा. दोघांनी एकाच वेळी जागं राहण्याची सवय मोडलेली असेल, तेव्हा वाचायला काहीतरी जवळ ठेवा.