आठ तोंडं भिंतीकडे

नेटिक, मॅसॅच्युसेट्स
रविवार, रात्री

ती. आईंस,


फोनवर तुम्ही "घरात काय नवीन?" असं विचारलंत. मी "काही नाही" म्हटलं, कारण तुमचे चिरंजीव शेजारीच उभे होते. शिवाय ते खरंही होतं. नवीन काही नाही, जुनंच आलंय.

गराज सेलमधून तुमच्या मुलाने बोस 901 नावाचे दोन स्पीकर आणलेत. दुसरी सीरिज, सत्तरच्या दशकातली, म्हणजे मला वडीलधारेच. एकेका पेटीत साडेचार इंची नऊ स्पीकर. एक आपल्याकडे बघतो आणि आठ भिंतीकडे तोंड करून रुसलेले. मैफलीत जसा चहूबाजूंनी भिंतींवरून आवाज येतो तसा घरात यावा, अशी यामागची कल्पना. त्यासाठी पेट्या भिंतीपासून फूटभर पुढे ठेवायच्या. म्हणून तुम्ही दिलेला चौरंग सध्या स्वयंपाकघरात आहे.

बाबा विचारतील, हे बोस सुभाषबाबूंचे कोण? कोणी नव्हेत. हे अमर बोस. वडील बंगालमधले, इंग्रजांविरुद्धच्या चळवळीतून इकडे आलेले. मुलगा एमआयटीत प्राध्यापक झाला, 1964 मध्ये त्याने कंपनी काढली, 1968 मध्ये हे स्पीकर आले. कंपनी आमच्या शेजारच्या गावची, फ्रेमिंगहॅमची. त्यामुळे "आपल्या माणसाची वस्तू" हेही कारण मला ऐकावं लागलं.

वस्तू स्वस्त का मिळाली ते घरी आल्यावर कळलं. भीमसेनांची कॅसेट लावली, तर पंडितजी घोंगडी पांघरून गात होते. या नऊ सारख्या छोट्या स्पीकरांना खर्जही झेपत नाही आणि तारही. म्हणून आवाजाची ही दोन्ही टोकं आधीच उचलून देणारा इक्वलायझर नावाचा एक डबा सोबत लागतो. म्हणजे आमटी एकाकडे, फोडणी दुसऱ्याकडे. पहिल्या मालकाकडून नेमका तोच डबा हरवलेला.

मग डबा शोधमोहीम. महिनाभर जेवताना फोन, झोपताना फोन. शेवटी एक आला. नाव तेच, 901. पण पाचव्या सीरिजचा! पहिल्या दोन सीरिजच्या पेट्या बंद असतात, तिसरीपासून त्यांना हवेसाठी भोकं आहेत. म्हणून फोडणीही वेगळी. चिरंजीवांनी तरी लावून पाहिलाच. डग्गा भलतीकडेच घुमायला लागला. मी म्हटलं, मागचं लेबल वाचायला काय झालं होतं? त्यावर उत्तर नाही. (लग्नाच्या हॉलवर भलत्याच मांडवात जेवून आले होते, तेव्हाही नव्हतं.)

अखेर दुसऱ्या सीरिजचा मिळाला. तो जोडायला रिसिव्हरवर 'टेप मॉनिटर'ची जागा लागते, आमच्या नव्या रिसिव्हरला ती नाही. म्हणून जुना रिसिव्हर आला. डब्यातले कपॅसिटर सुकलेले, म्हणून सोल्डरिंगची गन आली. शनिवारी जेवणाच्या टेबलावर ऑपरेशन झालं. काकडीच्या कोशिंबिरीला राळेचा वास होता. साठ डॉलरच्या स्पीकरांवर आतापर्यंत तीनशे दहा गेले आहेत. हिशेब माझ्या वहीत आहे.

रात्री तीच कॅसेट लावली. आई, आवाज कुठून येतोय तेच कळेना. तंबोरा खोलीभर पसरलेला, पेट्या जणू तिथे नाहीतच. मी भांडी घासायची थांबले. हे अजून त्यांना सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

आता मुद्दा. या बंद पेट्या वीज फार खातात आणि जुना रिसिव्हर कमी पडतो, असं आज दुपारपासून चाललंय. चिरंजीवांना बाबांचा माळ्यावरचा ॲम्प्लिफायर आठवलाय. तो 230 व्होल्टचा, इथे 120. म्हणजे पुढे ट्रान्सफॉर्मरचा शोध सुरू होईल. त्यांचा फोन आला तर ॲम्प्लिफायर भंगारवाल्याला दिला म्हणून सांगा. बाबांनाही पढवून ठेवा.

तुमची,
सूनबाई