दाजींना संगणकावर बसवण्याचे नियम

सेवा केंद्रात संगणक एकच असेल आणि बहीण अंबड तालुक्यातच दिलेली असेल, तर त्या संगणकाला वापरणारे दोघे असतात : चालक आणि चालकाचे दाजी. प्रस्तुत मार्गदर्शन दुसऱ्यांच्या बंदोबस्तासाठी आहे. दाजींना ‘नाही’ म्हणायची सोय आपल्याकडे नाही, म्हणून ते काम विंडोजकडून करून घ्यावे.

नियम 1. दाजींचे खाते वेगळे काढावे. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’, त्यात ‘अदर यूजर्स’. प्रकार ‘स्टँडर्ड’ ठेवावा, ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ चुकूनही नाही. नाव मात्र ‘आदरणीय दाजी’ द्यावे आणि त्यांचाच फेट्यातला फोटो लावावा. मान भरपूर, अधिकार शून्य. ग्रामपंचायतीत ही पद्धत चांगली रुळली आहे.

आपणही रोजचे काम स्टँडर्ड खात्यावरूनच करावे. हे कोणी करत नाही. ॲडमिन खात्यावर काही नवं चढवायला गेलं, की पडदा काळवंडतो आणि विंडोज नुसतं हो की नाही एवढंच विचारतं. स्टँडर्ड खात्यावर तेच पासवर्ड मागतं. ‘सावधान’ ऐकताच मांडवातून पळाल्याचं ज्यांच्याबद्दल सांगतात, ते समर्थ आपल्याच जिल्ह्यात जांबला जन्मले; पण ते 1608 साली. आमचे दाजी ‘यस’ दाबतात. मग सातबारा उघडायला जावं तर आधी रमीची जाहिरात उघडते. वर पुन्हा ऐकून घ्या, ‘तुझं मशीनच लई स्लो आहे बघ.’

नियम 2. सायबर कॅफेच्या 2011 च्या नियमांप्रमाणे येणाऱ्याचं ओळखपत्र बघून वहीत नोंद करावी लागते आणि ती वही किमान एक वर्ष जपावी लागते. दाजींना ओळखपत्र मागून बघावे. संध्याकाळी ताईचा फोन येतो.

नियम 3. पोर्टलचा पासवर्ड ब्राउझरला लक्षात ठेवू देऊ नये आणि अंगठ्याचं मशीन टेबलावर सोडून उठू नये. ज्याला तुमचं खातं उघडं सापडलं, त्याला वॉलेटही उघडंच सापडतं. यात थट्टा नाही.

नियम 4. ‘डीप फ्रीझ’ नावाचं एक सॉफ्टवेअर मिळतं. ते टाकलं की दिवसभर मशीनमध्ये कोणी काहीही घाण करो, बंद करून चालू केलं की सगळं पहिल्यासारखं. पण डेस्कटॉपवर ठेवलेला दाजींच्या मोसंबीचा हिशोबही त्यातच पुसला जाईल. म्हणून डी ड्राइव्ह फ्रीझमधून वगळावा आणि त्यांचं फोल्डर तिथं न्यावं. हिशोब तसा बघण्यासारखा आहे. खत, फवारणी, मजुरी यांचे रकाने बोटभर, आणि ‘पाणी’ हा एकच रकाना अर्धा पडदा खाऊन बसलेला. 2012-13 च्या दुष्काळात या माणसानं टँकर आणून आणून बाग जगवली. शेजारच्या बागा सरपणाला गेल्या, ह्यांची राहिली. तो रकाना अरुंद करा म्हणून मी कधी सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नये.

नियम 5. वेळ बांधून द्यावी. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेट यूजर’ला ‘टाइम्स’ जोडलं, की कोणत्या वारी किती ते किती वाजेपर्यंत लॉग-इन करता येईल ते ठरवता येतं. दाजींना दहा ते बारा द्यावेत. विंडोजच्या होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसीचा एडिटर नसतो, पण ही आज्ञा चालते. खोट एकच : वेळ संपल्यावर नव्यानं आत येणाऱ्याला ती अडवते, आधीच आत बसलेल्याला उठवत नाही. दाजींना हे कोणी सांगितलं कोण जाणे, ते पावणेबाराला येतात. जुलै महिना, पीकविम्याची रांग पार रस्त्यापर्यंत, आणि हे खुर्चीत बसून मोसंबीचे भाव बघताहेत.

अशा वेळी बारा वाजून पाच मिनिटांनी चहा सांगावा आणि तो बाहेर ओट्यावर ठेवायला लावावा. दाजी चहाला उठले की त्यांची फाइल सेव्ह करून साइन आउट करावे.