काखेत डेब, गावाला वळसा

साहित्य: उबुंटू २०.०४ घातलेला जुना लॅपटॉप, दाभोळच्या धक्क्यावर मिळेल तेवढी रेंज आणि शेजारच्या काकांचा प्रिंटर, ज्याचा ड्रायव्हर कंपनीने फक्त आरपीएममध्ये दिलाय. आरपीएम म्हणजे रेड हॅट-फेडोराकडचा डबा. तुमचा लॅपटॉप डेबियनच्या घरचा, तो डेब खातो.

आधी आपल्याच रेपोत, म्हणजे उबुंटूच्या कोठारात, शोधावं. 'ॲप्ट सर्च', पुढे प्रिंटरचं नाव. नवशिका हे कधीच करत नाही. तुम्हीही करणार नाही, म्हणून पुढचं लिहितोय.

आता 'एलियन' बसवा. एलियन म्हणजे आपली दाभोळ-धोपावे फेरीबोट. चिपळूणचा वळसा वाचवून गाडी खाडीपलीकडे उतरवते. तिकडे पेट्रोल मिळेल की नाही, ही तिची जबाबदारी नव्हे. एलियन आरपीएम उघडतो, फायली डेबच्या डब्यात भरतो आणि वर आवृत्तीच्या शेपटीचा आकडा एकाने वाढवतो. १ चे २ दिसले म्हणून हुरळू नका, कंपनीने काहीही सुधारलेलं नाही. मूळ डब्यातल्या डिपेंडन्सीची यादी मात्र तो आणत नाही. आणून उपयोगही नाही. एकाच वस्तूला तिकडे 'ओपनएसएसएल-डेव्हल' म्हणतात, इकडे 'लिबएसएसएल-डेव्ह'.

डिपेंडन्सी म्हणजे काय, हे दाभोळकरांना शिकवावं लागत नाही. नाव दाभोळ वीज प्रकल्प, जागा खाडीपलीकडे अंजनवेलला. तो बांधणारी एन्रॉन गेली, पाटी बदलली, आणि २०१३ साली गॅसच येईना म्हणून १,९६७ मेगावॉटचा कारखाना नुसता उभा. इन्स्टॉल झालेला, पण चालेना.

तुमचंही तेच होईल. 'डीपीकेजी' तक्रार न करता डेब बसवेल, आणि छापायला गेलात की उत्तर येईल: जीलिबसी २.३४ सापडली नाही. तुमच्याकडे २.३१ आहे. इथे प्रत्येक नवशिक्याच्या मनात येतं, की मग जीलिबसीचाही आरपीएम बोटीत घालू. नको! तिच्यावर 'एलएस'पासून सगळा संसार उभा आहे. सिस्टीमचे असे खांब बदलू नयेत, असं एलियनच्या माहितीपानातच बजावलेलं आहे, पण ते पान वाचतो कोण.

कुणी शहाणा डिस्ट्रोबॉक्स सुचवेल: घरातल्या घरात फेडोराची एक खोली. साध्या प्रोग्रामला उत्तम, मीही वापरतो. ड्रायव्हरला नाही. छपाई सांभाळणारं कप्स ओटीवर बसलेलं, त्याला त्या खोलीतलं काय दिसणार?

एव्हाना संध्याकाळची बोट भोंगा देते. हताश होऊन तुम्ही 'ॲप्ट सर्च' टाइप करता. तिसऱ्या ओळीत ड्रायव्हर. दोन मिनिटांत कागद बाहेर.

"सकाळपासून कुठं होतं रे हे?" काका विचारतात.

"इथंच होतं, काका."

"मग त्या बोटीचं काय सांगत होतास?"